साहित्य आहे, कृती नाही

ज्या विषयातले आपल्याला काही कळत नाही त्यावर परीक्षण लिहू नये, असा नियम मराठीत असता तर माझी निम्मी कारकीर्द झालीच नसती. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी सत्तावीस वर्षे परीक्षणे लिहिली. कवितासंग्रह झाले, आत्मचरित्रे झाली, कुक्कुटपालनावरचे एक पुस्तक झाले, आणि एकदा तर गठ्ठ्यातून चुकून आलेला एका पतसंस्थेचा वार्षिक अहवालही झाला. त्याची भाषा मी 'संयत' आणि कल्पनाशक्ती 'भरारी घेणारी' म्हटली होती. पुढे पतसंस्था बुडाली तेव्हा लोकांना माझ्या दुसऱ्या विशेषणाची आठवण झाली. तेव्हा आज मी संगणकाच्या मेमरीचे परीक्षण लिहायला बसलो आहे याचे जुन्या वाचकांनी नवल करू नये.

परीक्षणार्थ आलेला नमुना असा. रॅम नावाची मेमरी, पिढी पाचवी, म्हणजे डीडीआर-५. दोन कांड्या, प्रत्येकी सोळा गीगाबाइटच्या. (भाचा त्यांना 'स्टिक' म्हणतो. मी खडूच्या काळातला, मला कांडी बरी वाटते.) मालक, आमचा भाचा. किंमत दोन प्रकारची : ताईला सांगितलेली आणि खरी.

प्रथम मुखपृष्ठाविषयी. खोका काळाकुट्ट. आत कांड्या अॅल्युमिनियमच्या चिलखतात बसलेल्या. चिलखताच्या माथ्यावर दिव्यांची पट्टी. ती आधी निळी होते, मग जांभळी, मग गणपतीच्या मांडवासारखी सगळ्याच रंगांची. चिलखत कशासाठी, तर आतली उष्णता बाहेर पडावी म्हणून. आणि त्या चिलखतावर दिवे कशासाठी, याचे उत्तर भाच्याने 'मस्त दिसते ना मामा' असे दिले. कलाकृतीतला अंतर्विरोध म्हणतात तो हा. पुस्तकात सापडला असता तर मी त्यावर अर्धा रकाना लिहिला असता.

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत ६००० हा आकडा. याचा अर्थ, सेकंदाला सहाशे कोटी वेळा देवघेव. त्याखाली बारीक अक्षरांत ३०-३६-३६-७६. मला आधी वाटले की कुणाची तरी पत्रिका चुकून छापली गेली, कारण छत्तीस गुण लागोपाठ दोनदा जुळलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण ते तसे नाही. मेमरीकडे काही मागितले की ते हाती येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके थांबायचे, त्याचे हे वेळापत्रक. पहिला आकडा जितका लहान तितकी कांडी तल्लख, असे समजतात.

आता गंमत पाहा. पाठकोऱ्या कागदावर हिशेब मी स्वतः केला आहे. चौथ्या पिढीतली ३२०० ची कांडी सोळा ठोके थांबत असे. ३६०० ची अठरा. ही ६००० ची तीस थांबते. घड्याळ वेगाने चालले की ठोका आखूड होतो, हे धरून भागाकार केला तर तिन्हींचे उत्तर एकच : दहा नॅनोसेकंद. म्हणजे पंगतीत वाढप्याच्या हातातली पोळ्यांची चळत जवळजवळ दुप्पट झाली, हे खरे आणि चांगलेच. पण पहिली पोळी पानात पडायला लागणारा वेळ होता तेवढाच आहे. खोक्यावर चळत छापतात. पहिल्या पोळीची वेळ ज्याची त्याने काढायची.

बरे, हे सहा हजार तरी घरी आणल्याबरोबर मिळतात का? नाही. डीडीआर-५ चा पहिला अधिकृत, सर्वमान्य वेग ४८००. कांडी बसवून संगणक सुरू केला की ती असल्याच साध्यासुध्या चालीने चालू लागते. खोक्यावरचा आकडा हवा असेल तर यंत्राच्या पोटातल्या कोष्टकात शिरून तिथली एक ठरावीक ओळ आपण निवडायची. तिला इंटेलच्या संप्रदायात २००७ पासून एक्सएमपी म्हणतात आणि एएमडीच्या संप्रदायात २०२२ पासून एक्स्पो. ती निवडली की ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात ते सुरू झाले, म्हणजे घड्याळ नेमापेक्षा जोरात पळवणे. आणि मग प्रोसेसर बनवणारे हळूच सांगतात की याने काही बिघडले तर आम्हाला विचारू नका. म्हणजे लेखकाने मुखपृष्ठावर 'हसून हसून पोट दुखेल' असे छापायचे आणि आत लिहायचे की हसणे वाचकाच्या जबाबदारीवर. अमेरिकेत ग्राहकांनी यावरून काही कंपन्यांवर दावे लावले. आपल्याकडे लोक बारीक अक्षरे वाचत नाहीत, त्यामुळे कोर्टावरचा भार हलका आहे.

मी ही हरकत भाच्यापुढे मांडली. तो म्हणाला, "मामा, काऊन टेन्शन घेऊन राहिले तुम्ही? हे तर फॅक्टरीवाल्यांनीच तपासलेलं आहे. आणि ही हायनिक्सची ए-डाय आहे. ही तर याच्या वर पळते."

हे वाक्य मात्र मला एकदम समजले. कारण मी नागपूरचा आहे आणि कळमन्याच्या बाजारात संत्री घेतलेली आहेत. मेमरीच्या चिपा जगात मुख्यतः तीनच घरी पिकतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. बाकीची झगमगती नावे म्हणजे आडते. ते माल उचलतात, प्रतवारी लावतात, जे फळ जास्त वेग सोसते ते वरच्या पेटीत, जे कमी सोसते ते खालच्या पेटीत, आणि पेटीला चिलखत चढवून आपले लेबल मारतात. भाचा आणि त्याचे मित्र चहाच्या टपरीवर 'ए-डाय की एम-डाय' अशी जी हुज्जत घालतात ती आणि 'काटोलची की वरुडची' ही हुज्जत यांत मला तरी फरक दिसला नाही. एवढाच, की संत्रे सोलून पाहता येते.

तर २०२४ च्या जानेवारीत या कांड्या ताईच्या घरी आल्या. पहिल्या दिवशी संगणक सुरू केला आणि पडदा काळाच राहिला. एक मिनिट गेले, दोन गेली. ताईने देवापुढे दिवा लावला. भाचा शांतपणे म्हणाला, "ट्रेनिंग चालून राहिलं." नव्या कांड्या आणि प्रोसेसर एकमेकांचा सूर जुळवतात म्हणे, त्याला वेळ लागतो. मैफलीत तबलजी पंधरा मिनिटे हातोडी घेऊन बसतो, त्याला आपण काही बोलत नाही. मीही बोललो नाही.

पुढचे पंधरा दिवस भाच्याने त्या वेळापत्रकाचे संपादन केले. सहा हजारांचे चौसष्टशे केले. तिसाचे अठ्ठावीस केले. मी आयुष्यभर इतरांच्या लेखनावर लाल शाई चालवली, पण एवढ्या उत्साहाने नाही. त्यातली एक दुरुस्ती पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदात सांबारवडी नाही, आधीच सांगतो. ती अजून लांब आहे.

या मेमरीची घडण अशी की प्रत्येक शून्य-एक एका अतिसूक्ष्म घटात विजेच्या थेंबासारखा ठेवलेला असतो. ही युक्ती रॉबर्ट डेनार्ड या गृहस्थांना १९६६ साली आयबीएममध्ये सुचली आणि आजतागायत तीच चालू आहे. घट म्हणजे आपला उन्हाळ्यातला माठच समजा : पाझरतो. भरून ठेवला आणि विसरलात तर रिकामा. म्हणून यंत्राने प्रत्येक घट पुनःपुन्हा पाहायचा आणि भरायचा. पाचव्या पिढीत हा फेरा साधारण बत्तीस मिलिसेकंदांत पुरा व्हावा लागतो, म्हणजे सेकंदाला तीस-एकतीस वेळा. आणि चिप पंच्याऐंशी अंशांच्या वर तापली तर त्याच्या दुप्पट वेळा, कारण तापला माठ लवकर आटतो. (याच्या आधीचा जमाना निराळा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, त्याची मेमरी लोहचुंबकी मण्यांची, तारांत ओवलेली. एकूण २०४८ शब्द, प्रत्येक शब्द चाळीस मण्यांचा. आजच्या मापाने अवघी दहा किलोबाइट. भाच्याच्या कांडीवरचे दिवे चालवायलाही ती पुरायची नाही. पण वीज गेली तरी ते मणी आपले म्हणणे विसरत नसत. नागपुरात ज्याने उन्हाळ्यातली वीज पाहिली आहे त्याला या गुणाचे मोल कळेल.)

आता माठ भरायचा फेरा चालू असताना त्या माठातून पाणी घेता येत नाही. तेवढा वेळ वाया. म्हणून वेगाचे भक्त काय करतात, तर दोन फेऱ्यांमधले अंतरच वाढवतात. भाच्याने त्या रकान्यात ६५५३५ हा आकडा घातला. याहून मोठा आकडा तिथे मावत नाही, एवढेच त्या आकड्याचे शास्त्र. हिशेबाने फेरा नेमापेक्षा पाचपट उशिरा पडू लागला. "आणि तरी टेस्ट पास, मामा! माठ काही आटत नाही. उगाच घाबरवून ठेवलं आहे लोकांनी."

टेस्ट पास होती हे खरे आहे. मी डोळ्यांनी पाहिली. मेमटेस्ट-८६ नावाचा एक कार्यक्रम १९९४ पासून चालत आला आहे. त्याची रीत जुन्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांची. मेमरीला आधी सगळी शून्ये लिहायला लावतो, मग म्हणून घेतो. मग सगळे एक. मग उलटे. मग खालून वर, वरून खाली. त्यात हॅमर टेस्ट म्हणून एक प्रकार आहे : एकाच ओळीवर इतक्या वेळा ठोकायचे की शेजारची ओळ आपले लिहिलेले विसरावी. असे खरोखर होते हे संशोधकांनी २०१४ साली सिद्ध केले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ते आधीच ठाऊक होते. हा सगळा जाच जानेवारीतल्या एका रात्रभर चालला. भाचा स्वेटर घालून आणि कानटोपी लावून समोर बसला होता. सकाळी पडद्यावर चुका शून्य. मी त्याची पाठ थोपटली. परीक्षक म्हणून मी इथे चुकलो, कारण परीक्षा कोणत्या महिन्यात झाली हे मी विचारले नाही.

आणि हे न विचारणारा मी एकटा नाही. या निमित्ताने मेमरीच्या कांड्यांवरची जी परीक्षणे चित्रफितींतून होतात ती मी पाहिली, एका व्यवसायबंधूच्या आस्थेने. मंडळी बोलतात छान. आलेख रंगीत. पण नमुना बहुधा कंपनीकडूनच आलेला (आमच्याकडेही पुस्तक फुकटच यायचे, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही). खोली थंडगार. संगणकाचे धड उघड्या टेबलावर, झाकण नाही, धूळ नाही. मग दोन कांड्यांच्या वेगाच्या दोन पट्ट्या दाखवतात. त्यांच्या लांबीतला फरक पाहायला शिंप्याची टेप लागते, आणि त्या फरकावर वीस मिनिटे भाष्य. कांडीने जे सांभाळायला घेतले ते जसेच्या तसे परत दिले का, हा प्रश्न एकतर शेवटच्या मिनिटात येतो किंवा येत नाही. गायकाच्या गळ्याची तयारी तानांच्या संख्येवरून सांगावी आणि तो सुरात होता की नाही हे सांगायचे राहून जावे, तसे हे. मी हे फार उंचावरून बोलतो आहे असे वाटेल. पण मला या प्रश्नाची किंमत सांबारवडीत मोजावी लागली.

आली सांबारवडी. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याहून आलेले पाहुणे हे न कळून इडलीची वाट पाहत बसतात. थंडीत सांबार स्वस्त झाला की त्याचे सारण करून, खोबरे-खसखस घालून, पारीत गुंडाळून तळतात. आमच्या आईची सांबारवडी हा आमच्या घराण्याचा एकमेव निर्विवाद मोठेपणा. तिने ती एका वहीत लिहून ठेवली होती. वहीत आणखीही होते : वडाभात, पातोड्यांचा रस्सा, दुधाचा हिशेब, कोणाच्या मुंजीत काय आहेर आला त्याची यादी, आणि मधूनच कुठे 'आज फार ऊन' असे एक वाक्य.

ती वही ताईकडे, अंबाझरी लेआउटमध्ये, तळमजल्यावर होती. २०२१ मध्ये भाच्याने तिचे पानन्‌पान स्कॅन केले. आम्ही त्याला हसलो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीचे पाणी त्या वस्तीत शिरले. ताई आणि भाचा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेले म्हणून निभावले. सकाळी पाणी ओसरल्यावर कपाटाचा खालचा खण उघडला तेव्हा वहीचा लगदा झालेला होता. ताई त्या लगद्याची पाने सोडवत अंगणात बसली होती. भाचा म्हणाला, "आई, रडू नको, माझ्याकडे सगळं आहे." त्या दिवसापासून आम्ही त्याला हसणे सोडले. जुना संगणकही पाण्यात गेला होता. त्याची डिस्क तेवढी उंच ठेवलेली म्हणून वाचली. नवा संगणक घ्यायचे खरे कारण ते.

मग २०२४ चा मे उजाडला. नागपूरच्या उन्हाबद्दल मी काही सांगत नाही. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले, एवढ्यावर भागवतो. पण ३० मे २०२४ ची गोष्ट सांगायलाच हवी. त्या दिवशी रामदासपेठेत शेतात उभ्या केलेल्या हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्राने तापमान सांगितले छप्पन अंश. देशभर बातमी झाली. मला मुंबईहून तीन फोन आले, त्यांत एक श्रद्धांजलीच्या सुरातला होता. मग खात्याने तपासून सांगितले की सेन्सर बिघडलेला आहे. शहराजवळची दुसरी केंद्रे चव्वेचाळीसच्या आसपास दाखवत होती. आम्ही नागपूरकर थोडे खट्टू झालो. पण एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहिला, आणि चूक निघाली ती जाहीर सांगितली, याला मी त्या वर्षातली सर्वोत्कृष्ट समीक्षा मानतो.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, कूलरचे पाणी संपलेले असताना, भाच्याने जुन्या डिस्कवरची आईची वही नव्या डिस्कवर उतरवली. हजाराच्या वर पाने. 'कॉपी पूर्ण झाली' असे यंत्राने सांगितले. भाच्याने जुनी डिस्क पुसली आणि तिच्यावर मोटारी पळवण्याचा एक खेळ घातला.

डिसेंबरात सांबार स्वस्त झाला. आमच्या सौभाग्यवतींनी कढई ठेवली आणि भाच्याला फोन करून आईचे पान मागवले. पान आले. तिने चष्मा लावला, फोन दूर धरला, जवळ धरला आणि मला हाक मारून म्हणाली, "अहो, साहित्य आहे, कृती नाही."

हे वाक्य मी परीक्षणांतून निदान चाळीस लेखकांना ऐकवले असेल. स्वयंपाकघरातून ते माझ्यावर परत येईल असे वाटले नव्हते. पाहतो तो पानाच्या वरच्या अर्ध्यात आईचे अक्षर जसेच्या तसे : सांबार, सुके खोबरे, खसखस, बेसन, कणीक. त्याखाली एकदम सगळे राखाडी. सपाट, स्वच्छ राखाडी, जणू पुढे काही लिहिलेच नव्हते. चित्राच्या फायलीत मध्येच काही बिट उलटे पडले की पुढचे सगळे असे जाऊ शकते. भाच्याने धावत येऊन वही तपासली. अशी चौदा पाने निघाली. बाकीची हजार ठणठणीत, पण चौदात ही एक.

"मेमरीचा दोष नाही मामा," तो म्हणाला. तोंड उतरलेले होते, पण अभिमान शाबूत होता. "पुन्हा टेस्ट लावतो." लावली. डिसेंबरातली रात्र, नागपूरची थंडी. सकाळी चुका शून्य. त्याने माझ्याकडे पाहिले. पाहणे निरपराध माणसाचे होते.

आणि त्या क्षणी सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने मला हात दिला. जे पुस्तक प्रकाशन समारंभात चांगले वाटते ते दुपारी दोन वाजता घरी वाचून पाहावे, हा माझा जुना नेम. मी म्हटले, "बाबा रे, ही परीक्षा तू डिसेंबरात घेतोस. गुन्हा मेमध्ये झाला आहे. मे आण."

आम्ही मे आणला. खिडक्या बंद केल्या, खोलीतला हीटर संगणकाच्या तोंडाशी लावला, आणि झाकण घट्ट बसवले. ताई दारात उभी राहून 'तुम्हा दोघांना वेड लागलं आहे काय' असे विचारत होती. पाचव्या पिढीच्या कांडीत तापमापक असतो हे मला त्या दिवशी कळले. तो पन्नास झाला, पंचावन्न झाला, साठ ओलांडला, आणि पडद्यावर पहिली लाल ओळ उमटली. मग दुसरी. मग पानभर लाल. आयुष्यभर लाल शाई वापरलेल्या माणसालाही ते पाहवेना. भाचा काही बोलला नाही. त्याने संगणक बंद केला, ६५५३५ पुसून तिथे नेमाचा आकडा घातला, चौसष्टशेचे पुन्हा सहा हजार केले, आणि हीटर तसाच ठेवून परीक्षा पुन्हा लावली. रात्रभर आम्ही दोघे त्या खोलीत घामाघूम बसलो. बाहेर लोक शेकोट्या करत होते. सकाळी साठ अंशांच्या वर चुका शून्य.

म्हणजे सॅमसंग-हायनिक्सचा दोष नाही, आडत्याचाही नाही. माठ आपल्या धर्माने पाझरत होता. आमच्याकडे पाणी भरणाराच पाचपट उशिरा येत होता, आणि मेमध्ये. पाचव्या पिढीच्या चिपांच्या पोटात एक छोटा मुद्रितशोधकही बसवलेला असतो. तो एकटीदुकटी चूक गुपचूप दुरुस्त करतो, पण चुका जोडीने आल्या की त्याचा इलाज चालत नाही. मी मुद्रितशोधकांबरोबर काम केले आहे; त्याला दोष देणार नाही. सर्व्हरसाठी पूर्ण शोधन करणारी ईसीसी मेमरी मिळते. तिच्यावर दिवे नसतात, म्हणून ती भाच्याच्या मित्रांत कोणी घेत नाही.

मला खरा राग आला तो एका गोष्टीचा. ही मेमरी चुकली तेव्हा तिने सांगितले नाही. यंत्र बंद पडले असते, धूर निघाला असता, तर आम्ही जुनी डिस्क पुसली नसती. ती चुकली ती 'कॉपी पूर्ण झाली' म्हणून. भाच्याच्या हाती त्या बदल्यात काय आले? त्याने प्रामाणिकपणे सांगितले : मोटारींच्या खेळात कुठेतरी थोडा फरक पडायचा, डोळ्यांना दिसायचा नाही, आलेखात दिसायचा.

तेव्हा परीक्षकाचा अभिप्राय. कांड्या चांगल्या आहेत. चिलखत ठीक, दिवे अनावश्यक. खोक्यावरचा आकडा विक्रेत्याने आपल्यासमोर चालू करून दाखवला तर घ्यावा. परीक्षा घेणाऱ्या मंडळींना विनंती की एकदा मेमध्ये नागपूरला यावे, झाकण लावावे, कूलर बंद करावा, मग आपले आलेख काढावेत. आणि हजार पाने एकीकडून दुसरीकडे उतरवून मूळ प्रतीशी ताडून दाखवावीत. राहण्याची सोय आमच्याकडे होईल. भाच्याने मध्यंतरी नव्या कांड्या घ्यायचे मनात आणले होते. पण २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गोदामांनी जगातली मेमरी उचलायला घेतली, भाव सराफ्यासारखे चढले, आणि मायक्रॉनने तर क्रुशल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचे जाहीर केले. तेव्हा याच कांड्या, सहा हजारांवर, नेमाच्या फेऱ्याने चालू आहेत. आता दर मेमध्ये भर दुपारी त्यांची परीक्षा होते आणि वहीच्या तीन प्रती तीन घरांत आहेत.

त्या चौदा पानांपैकी एकच परत मिळाले. २०२१ मध्ये भाच्याने सांबारवडीचे पान कुटुंबाच्या व्हॉट्सअॅपवर टाकले होते. ते ताईच्या फोनमध्ये सापडले. व्हॉट्सअॅपने दाबून दाबून टीचभर केलेले, धुरकट, पण वरपासून खालपर्यंत पुरे. आईचे अक्षर भिंगाने वाचावे लागले. एकच शब्द लागला नाही. 'आच' च्या पुढे काय आहे ते. 'मंद' असेल किंवा 'मोठी'.

ताईला फोन लावला. ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "मोठी!" मागच्या वर्षी तिने तेवढ्याच वेगाने 'मंद' सांगितले होते.

सौभाग्यवतींनी फोन ठेवला, भिंग ठेवले आणि एक वडी मोठ्या आचेवर कढईत सोडली. ती फुटली. मग तिने आच कमी केली आणि दुसरी सोडली.